दारातल्या माणसाला काय सांगायचे?

बँकेत रुजू झालो, तेव्हा गुप्ततेच्या शपथपत्रावर सही केली होती. कुणाच्या खात्यात किती शिल्लक, हे सख्ख्या भावालाही सांगायचे नाही. नोकरीभर ते पाळले. पण त्या सहीचे खरे मोल कळले ते निवृत्तीनंतर, कराडच्या एका नर्सिंग कॉलेजात.

व्याख्यानाला गेलो होतो. समोर पाटण-खटावच्या, मिरजेच्या, सीमेपलीकडच्या निपाणी-चिकोडीच्या मुली. बोलता बोलता २००९च्या सप्टेंबरचा विषय निघाला. गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल उसळली, तिची झळ सांगली-कोल्हापूरपर्यंत पोहोचली, संचारबंदी लागली. मिरज म्हणजे मीरासाहेबांच्या दर्ग्याचे, सतारी घडवणाऱ्यांचे गाव. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय उघडले. कर्नाटकातूनही माणसे तिथे उपचाराला येतात. अशा गावात हे घडले.

एका मुलीने विचारले, "सर, अशा वेळी लोक दारात येऊन 'आत कोण कोण आहे' असं विचारायला लागले, तर?"

मी गप्प झालो. त्यांच्या मॅडम उठल्या. म्हणाल्या, "कुणाला आधी घ्यायचं ते जखम ठरवते, आडनाव नाही. पोलिसांना कळवायचं ते रुग्णालय रीतसर कळवतं. दारातल्या माणसाला नाव सांगायचं नाही. तो तुझा चुलता असला तरी."

"आणि मग घरी कसं जायचं, मॅडम?"

परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९५३ मध्ये आचारसंहिता स्वीकारली. धर्म, वर्ण, राजकारण सेवेच्या आड येऊ नये, असे तीत होते. पण या प्रश्नाचे उत्तर संहितेत कुठून असणार? मॅडमनी तिथेच दोघींना उभे केले. एक चुलता झाली, दुसरी परिचारिका. आधी हशा पिकला. मग 'चुलत्या'ने आवाज चढवला आणि दुसरीचे डोळे भरून आले. मॅडम एवढेच म्हणाल्या, "अशा वेळी एकटीनं उत्तर द्यायचं नाही. वरिष्ठ सिस्टरना हाक मारायची. दाराशी त्या उभ्या राहतील."

मला वाटते, नीतीचे शिक्षण ते हेच. शपथ मुलीने घ्यायची, पण तिच्या पाठीशी रुग्णालयाने उभे राहायचे.

आणि आपण? भेटीला गेल्यावर 'शेजारच्या खाटेवर कोण हो?' असे सहज विचारणारे आपणच असतो. तो प्रश्न गिळायला शिकलो, तरी त्या मुलींचे ओझे थोडे हलके होईल.