पातेल्यातच वरण, पातेल्यातच पोळी

विदर्भात वरणफळं, पश्चिम महाराष्ट्रात चकोल्या, गुजरातेत दाळढोकळी, बिहारमध्ये दालपिठी. घट्ट मळलेली कणीक लाटायची, शंकरपाळ्यांसारखी कापायची आणि उकळत्या फोडणीच्या वरणात सोडायची. भाजी नको, भात नको, तवाही नको.

खिचडीला इतिहासकारांनी भरभरून जागा दिली. चौदाव्या शतकात इब्न बतूताने तांदूळ-मुगाची खिचडी तुपाबरोबर न्याहारीला खाल्ली जाते, असं लिहून ठेवलं. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त तर तिचं मापच आहे: तांदूळ, डाळ आणि तूप प्रत्येकी ५ शेर. डाळीइतकं तूप बादशहाच्या मुदपाकखान्यालाच परवडणार! वरणफळांना असा दरबारी लेखक भेटला नाही. पण स्वयंपाकातल्या कष्टांचा हिशोब मांडायचा असेल, तर खिचडीआधी वरणफळांकडे बघायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

चार माणसांसाठी रोज बारा-पंधरा पोळ्या लाटायच्या आणि एकेक भाजायची, या कामात बाईची संध्याकाळ ओट्यापाशी जाते. वरणफळांना चार-पाच जाडसर पोळ्या पुरतात. त्या गोल व्हायलाच हव्यात असंही नाही, कारण शेवटी कापायच्याच असतात. गॅसची एकच शेगडी पेटते, तीही थोडा वेळ.

प्रमाण सांगते. चौघांसाठी १५० ग्रॅम तूरडाळ आणि २५० ग्रॅम कणीक. डाळ हळद-हिंग घालून मऊ शिजवून घोटायची. तेलात मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, कढीपत्ता आणि तिखट यांची फोडणी करून त्यात डाळ ओतायची, ताकाइतकी पातळ करायची. मग मीठ, गोडा किंवा काळा मसाला, चिंच-गूळ. चिंच डाळ शिजल्यावरच घालायची. आंबट पाण्यात डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सहजी सुटत नाही. बोअरच्या जड पाण्यात डाळ टणक राहते त्याचंही कारण जवळपास हेच. पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला धरून ठेवतं.

खरी कसोटी फळं सोडताना. वरण खळखळ उकळत असलं पाहिजे. मग कापाच्या पृष्ठभागावरचा स्टार्च लगेच फुगून घट्ट होतो आणि प्रत्येक फळ सुटं राहतं. कोमट वरणात टाकली तर पीठ पाण्यात उतरतं आणि पातेल्यात गिच्च गोळा होतो. म्हणून फळं एकेक करून सोडायची, कणकेत थोडं तेल घालायचं आणि ढवळायचं ते कडेकडेने. दहा-बारा मिनिटांत फळं शिजतात. पातेलं खाली उतरवल्यावरही ती वरण शोषत राहतात, म्हणून शेजारी आधणाचं पाणी तयार असू द्यावं. वाढताना वर तूप, लिंबू, कोथिंबीर आणि तोंडी लावायला कच्चा कांदा.

आता पोषणाकडे येऊ. गव्हात लायसीन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. वरच्या मापात डाळीची सुमारे ३३ आणि कणकेची २७ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे माणशी १५ ग्रॅम. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला साधारण ४६ ग्रॅम लागतात. त्यातला तिसरा हिस्सा या एका जेवणात मिळतो.

अडचण डाळीच्या भावाची आहे. २०१५ च्या सणासुदीत तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली होती, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने जो हक्क दिला तो धान्याचा. डाळ त्यात नाही. रेशनचा गहू घरात आहे आणि डाळ मूठभरच, अशा वेळी अर्धी मसूर मिसळावी. लवकर शिजते आणि चवीलाही वाईट लागत नाही.

जुन्नर-नगरकडच्या कोरडवाहू पट्ट्याने याच्याही पुढची वाट काढली. तिथे हुलग्याचे, म्हणजे कुळथाचे, शेंगोळे करतात. हुलग्याच्या पिठात थोडी कणीक किंवा ज्वारीचं पीठ, लसूण-मिरचीचं वाटण आणि मीठ घालून घट्ट मळायचं, तळहाताने वळून शेंगेसारखे तुकडे करायचे आणि लसणाच्या फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचे. वेगळी डाळ शिजवायचीच नाही. डाळ पिठातच आहे. पिठाचा जो अंश सुटतो त्यानेच रस्सा दाट होतो. हुलगा कमी पाण्यावर, हलक्या जमिनीत येतो. ज्या मुलखात पाऊस हमखास दगा देतो, तिथल्या बायकांनी शेतातलं हेच पीक हाताशी धरून पूर्ण जेवण उभं केलं. माझ्या लेखी ही पाककलेतली मोठी कामगिरी आहे.

आणि तरीही पाहुणे येणार म्हटलं की आपण हे पदार्थ मागे सारतो, घाईचं जेवण म्हणून. हे थांबवू या. फराळाने कंटाळलेल्या पाहुण्यांना या दिवाळीत एका संध्याकाळी चकोल्या वाढा. आणि घरातल्या मुलाला पहिलं पूर्ण जेवण शिकवायचं झालं, तर हेच शिकवा. पोळी गोल लाटता येत नाही, ही सबब त्याला इथे चालणार नाही.