जुन्या इंजिनातील टकटक : टॅपेटचा आवाज कसा ओळखावा व काय करावे



बेणे, खत आणि पाणी हे आमच्या खात्याचे नेहमीचे विषय. तरीही या अंकात इंजिनाबद्दल लिहीत आहे. पेंच कालव्याच्या पट्ट्यात गटफेरीला गेलो की उसाबद्दल जितके प्रश्न निघतात, जवळजवळ तितकेच गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या जुन्या गाडीबद्दल निघतात. कोणाकडे वडिलांच्या वेळची अँबॅसिडर आहे, कोणाकडे पेट्रोलवरची महिंद्र जीप. अँबॅसिडर तयार होणे २०१४ सालीच थांबले, तरी ज्याने जपली त्याच्याकडे ती अजून चालते. प्रश्न बहुधा एकच असतो : "साहेब, इंजिन टकटक वाजते. मिस्त्री म्हणतो पूर्ण खोलावे लागेल. खोलू काय?" या प्रश्नात पुष्कळ पैसा अडकलेला असतो, आणि तोही उसाचे बिल हाती यायच्या आधीचा.

खोलण्याआधी आवाज कुठला ते पाहावे. पान पिवळे दिसले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. आधी मूळ उपटून पाहतो. तसेच हे आहे.

इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारा एक आणि जळका धूर बाहेर सोडणारा एक, असे प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व असतात. कॅमशाफ्ट फिरला की त्याचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर व्हॉल्वला दाबून उघडतो. बंद करण्याचे काम स्प्रिंगचे. तापल्यावर लोखंड वाढते, म्हणून रॉकर आणि व्हॉल्वच्या दांडीमध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते. झिजून ही फट वाढली की रॉकर व्हॉल्वला दाबण्याऐवजी हातोडीसारखा ठोकतो, आणि टकटक ऐकू येते.

कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन मिनिटाला ७०० फेरे घेत असेल तर एक सैल टॅपेट मिनिटाला ३५० वेळा वाजेल, म्हणजे सेकंदाला सहा. म्हणून हा आवाज बारीक, नियमित, शिवणयंत्रासारखा आणि इंजिनाच्या वरच्या भागातून येतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज निराळा. तो खालून येतो, जड असतो, आणि चढावर किंवा एकदम रेस दिल्यावर वाढतो. तो ऐकू आला तर गाडी जागीच बंद करावी, घरापर्यंतही नेऊ नये. पिस्टन सैल असेल तर थंड इंजिनात खडखड होते आणि तापल्यावर ती बरीच कमी होते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डचे पॅकिंग फुटले तर जो फटफट आवाज येतो तो हुबेहूब टॅपेटसारखा वाटतो. चांगले जाणते मिस्त्रीही तिथे फसतात. पॅकिंगच्या कडेला काजळी दिसते का, ते आधी पाहावे.

तपासणी घरच्या घरी होते. लांब पेचकसाचे टोक टॅपेट कव्हरवर ठेवून मूठ कानाला लावावी व एकेका ठिकाणी ऐकावे. (खांद्यावरचा दुपट्टा आधी काढून ठेवावा, पंखा समोरच फिरत असतो.) मग एकेका प्लगचे काम थांबवून पाहावे, वायरला हात लावताना सुकी जाड रबरी हातमोजे वापरावेत. एखादा सिलिंडर बंद केल्यावर आवाज बदलला, तर दोष पिस्टन किंवा रॉडकडे असण्याचा संभव. मुळीच बदलला नाही, तर टॅपेट. शेवटची खूण सर्वात पक्की : कव्हर काढून इंजिन मंद चालू ठेवावे आणि एकेका रॉकरखाली फिलर गेजची पाती सरकवावी. जिथे पाती घातल्याबरोबर टकटक थांबते, तो टॅपेट दोषी. कपड्यांवर ऑइल उडेल, त्याला इलाज नाही.

आता फट बांधणे. अँबॅसिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाला फट १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारावे भाग (सुमारे ०.३८ मिलिमीटर). पुढून मागे व्हॉल्वना १ ते ८ क्रमांक द्यावेत. नऊची बेरीज लक्षात ठेवावी : १ नंबरचा व्हॉल्व पूर्ण दाबलेला असेल तेव्हा ८ नंबरची फट बांधायची, २ दाबलेला तर ७, ३ दाबलेला तर ६, ४ दाबलेला तर ५, आणि पुढे याच्या उलट. चारही प्लग काढले की इंजिन हाताने सहज फिरते. चेकनट सैल करून पेचकसाने स्क्रू फिरवावा. पाती किंचित अडखळत सरकली पाहिजे. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यानंतर पुन्हा एकदा पाती घालून पाहावी. ही दुसरी तपासणी बहुतेक जण टाळतात.

जुन्या पेट्रोल जीपच्या हरिकेन इंजिनात आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. खालच्यांसाठी बाजूचे झाकण काढावे लागते. थंड इंजिनात वरच्यांना १८ थाऊ, खालच्यांना १६. डिझेल जीप, ट्रॅक्टर किंवा पंपाच्या इंजिनाला हे आकडे लावू नयेत. त्यांची पुस्तिका पाहावी. अलीकडच्या काही गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात. ते बरेच दिवस उभ्या गाडीत सुरुवातीला काही सेकंद वाजले तर चिंता नको. वाजतच राहिले तर ऑइलची पातळी व ऑइलचा गाळ पाहावा. त्यांना बांधायची फट नसते.

फट बरोबर बांधूनही आवाज राहिला तर? रॉकरचे टोक पाहावे. तिथे व्हॉल्वच्या दांडीने खळगा पाडलेला असतो. सरळ पाती खळग्यावरून पुलासारखी जाते, माप १५ दाखवते, खरी फट त्याहून जास्त असते. असा रॉकर घासून सपाट करावा किंवा बदलावा. रॉकरशाफ्टची ऑइलची छिद्रे गाळाने बुजली असतील तर शाफ्ट कोरडा झिजतो. शेतावरून गावात आणि गावातून शेतावर अशा दोन-तीन किलोमीटरच्या खेपांत इंजिन पुरते तापत नाही, आणि असा गाळ लवकर धरतो. तो काढण्यासाठी ऑइलमध्ये रॉकेल ओतून गाडी फिरवण्याची आपल्याकडे खोड आहे. त्याने ऑइल पातळ होऊन बेअरिंगवर बेतते. उलट, जाड ऑइल किंवा डबीतली औषधे घालून आवाज दाबणे म्हणजे ताप मोजायचे सोडून थर्मामीटर लपवणे. मौद्याकडील एका सभासदाला पूर्ण इंजिन बांधण्याचा अंदाज मिळाला होता. कव्हर उघडल्यावर दोष निघाला दोन रॉकर आणि एका शाफ्टचा.

आता महत्त्वाची गोष्ट. वाजणारा टॅपेट सहसा इंजिन मारत नाही. मुका टॅपेट मारतो. उसात काणी आली तर चाबूक बांधावरूनही दिसतो, पण लाल कूज आतल्या आत कांडे खाते, तसे. धूर सोडणारा व्हॉल्व आपली उष्णता मुख्यतः सीटवर टेकून सोडतो. फट मुळीच उरली नाही तर तो पुरता टेकत नाही, कडेने आगीची झोत निसटते आणि कड जळते. म्हणून "आवाज नकोच" म्हणून फट घट्ट बांधून देणाऱ्याचे ऐकू नये. थोडी बारीक टिकटिक राहिलेली बरी.

यात एक नवे कारण भर घालते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. पूर्वी पेट्रोलमधील शिसे व्हॉल्वच्या सीटवर थर धरून तिचे रक्षण करी. बिडाच्या हेडमध्येच कापलेल्या जुन्या सीटला तो आधार राहिला नाही. चढावर, भरधाव, नागपूरच्या मे महिन्यात गाडी ओढली की धुराच्या व्हॉल्वची सीट झिजते, व्हॉल्व खाली रुतत जातो, दांडी वर येते आणि फट आपोआप कमी होते. गॅस किट बसवलेल्या गाड्यांतही हेच आढळते. मालकाला वाटते, गाडी शांत झाली. (आपल्याच उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत आले आहे, त्याचा आपल्याला आनंदच, पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि कार्बोरेटरची सेटिंग तेवढी तपासून घ्यावी.)

म्हणून फट बांधण्यापूर्वी आठही व्हॉल्वचे सापडलेले माप वहीत लिहावे, तारीख व किलोमीटरसह. अँबॅसिडरमध्ये १, ४, ५ आणि ८ हे धुराचे व्हॉल्व. दर वेळी यांचीच फट कमी भरत असेल, तर हेड उतरवून नागपुरातील चांगल्या मशिनशॉपमधून कडक सीट बसवून घ्यावी. हे काम दसऱ्याच्या आत उरकावे. एकदा तोड सुरू झाली की गाडीला उसंत नसते आणि मालकालाही नसते.