सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे

आज एकाच शब्दाबद्दल बोलायचं आहे, सब्र. मराठीत आपण त्यालाच सबुरी म्हणतो. शिर्डीमुळे श्रद्धा-सबुरी ही जोडी तर घरोघरी पोचलेली आहे.

माझी पत्नी दोन वर्षं कॅन्सरने आजारी होती. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना म्हणायचा, "कर्नलसाहेब, सब्र करा." म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, रडू नका, काही विचारू नका, असंच हे सांगताहेत. त्या काळात इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून मी सूरह यूसुफ अर्थासह पुन्हा वाचली. त्यातला सब्र अगदी वेगळा आहे.

अरबीत या शब्दाच्या मुळाशी रोखून धरणं, बांधून ठेवणं असा अर्थ आहे. फौजी माणसाला तो लगेच पटतो. मोर्चा धरून बसलेली तुकडी झोपलेली नसते. पहारा चालू असतो, गस्त निघते, दारूगोळा मोजला जातो.

कुरआनमधली ही बारावी सूरह, १११ आयतींची. भाऊ यूसुफला विहिरीत टाकतात आणि खोट्या रक्ताने माखलेला सदरा बापापुढे ठेवतात. हजरत याकूब तेव्हा ज्या सब्राचा आधार घेतात, त्याला कुरआन जमील, म्हणजे सुंदर म्हणतं. आपल्याकडच्या उर्दू शोकपत्रांतला 'सब्र-ए-जमील' तो हाच. पुढे धाकटा मुलगाही मिसरमध्ये अडकतो. बाप इतका झुरतो की डोळे पांढरे पडतात. मुलं टोकतात, तर तो सांगतो की माझं गाऱ्हाणं मी अल्लाहपुढेच घालतो आहे. म्हणजे सब्र करणारा माणूस रडतोही आणि गाऱ्हाणंही घालतो. आणि लगेच पुढच्या आयतीत हाच माणूस मुलांना पाठवतो, की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, अल्लाहच्या कृपेची आशा सोडू नका. इतकी वर्षं लोटली, दृष्टी गेली, आणि हा शोधपथक पाठवतोय!

पैगंबर साहेबांच्या आयुष्यातही हेच दिसतं. तीन वर्षांचा बहिष्कार सोसून झाला, आणि मग इ.स. ६१९ च्या सुमारास पत्नी हजरत खदीजा आणि आधार देणारे काका अबू तालिब, दोघंही गेले. ते वर्ष दुःखाचं वर्ष म्हणूनच ओळखलं जातं. मदतीच्या आशेने ताइफला गेले, तिथे दगड खावे लागले. तरी वाट शोधणं थांबलं नाही. ६२२ मध्ये मक्का सोडली तेव्हाची आखणी बघा. मदिना उत्तरेला, पण ते आधी दक्षिणेला सौर पर्वताच्या गुहेत गेले, तीन दिवस दडून राहिले, आणि पुढे वाटाड्या घेतला तो मुसलमान नसलेला, पण वाटांचा जाणकार. भरवसा अल्लाहवर होता म्हणून नकाशा गुंडाळून ठेवला नाही. आमच्या प्रशिक्षणात हे शिकवायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

पण खरा अवघड प्रश्न पुढे आला. डॉक्टरांनी उपचार थांबवायचं सुचवलं. आता उमेद ठेवायची ती कशाची? उत्तर पत्नीनेच दिलं. केमोच्या तारखांची वही तिने मिटली आणि वेदना कमी करणाऱ्या औषधांबद्दल डॉक्टरांना नीट विचारून घेतलं. मग कोणाकोणाला भेटायचंय, कोणाचं देणं आहे, याची यादी केली. दुआ चालूच होती, फक्त तिच्यातलं मागणं बदललं होतं. इस्लाममध्ये उमेद म्हणजे अल्लाहच्या दयेची उमेद, आणि ती मरणापाशी संपत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण प्रत्यक्ष तिच्याकडे बघताना समजलं.

राहिला प्रश्न भेटायला जाणाऱ्यांचा, कारण हे प्रत्येकावर येतं. ६२९ मध्ये मुअताच्या लढाईत हजरत जाफर शहीद झाले, तेव्हा पैगंबर साहेबांनी लोकांना त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करायला सांगितलं होतं. दुःखाच्या घरी चूल कोण पेटवणार? सिकंदराबादला आमच्या शेजारच्या तेलुगू घरातून तीन दिवस डबा आला. पहिल्या दिवशीचा मी उघडलाच नाही. त्यांनी काही न विचारता तो नेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाठवला.