टकटकणारी डिस्क आणि उन्हावरचा आळ

विदर्भात काहीही बिघडलं की पहिला आळ उन्हावर. केळापूर तालुक्याच्या मुख्यालयात, पांढरकवड्याला, पारा पंचेचाळिशी गाठतो. अशा दुपारी दुकानातल्या संगणकातून टक्-टक् ऐकू आली की निदान ठरलेलं: हार्ड डिस्क तापली!

गूगलच्या पिनेरो, वेबर आणि बारोसो यांनी २००७ साली १ लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या समजाला धक्का बसला. तापमान आणि बिघाड यांचा मेळच बसेना. उलट थंड राहिलेल्या डिस्क जास्त बिघडलेल्या. फार तापलेल्या, त्यातही जुन्या डिस्कमध्येच उष्णतेचा हात दिसला. अर्थात, त्या डिस्क डेटा सेंटरमधल्या. वैशाखात पत्र्याखाली तापणाऱ्या नव्हेत. ऊन निर्दोष सुटलं नाही, संशयाचा फायदा मिळाला इतकंच.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त अस्वस्थ करते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती ‘स्मार्ट’ प्रणाली. पण बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी तिच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती!

मग आवाजाकडे कान द्यायला हवा. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या साडेतीन इंची डिस्कच्या तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या ट्रॅव्हल्सपेक्षाही जोरात. वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. जागा ओळखायच्या खुणा त्याला सापडल्या नाहीत, की ते मागे येऊन पुन्हा जातं, तीच टकटक. खरखर त्याहून वाईट: हेड तबकडीला घासत असू शकतं, आणि घासलेला थर कुणालाही परत आणता येत नाही. त्यामुळे आवाज आला की वीज बंद, ‘एकदा चालू करून बघू’ नाही.

डिस्क फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. बाहेर काढल्यावर तबकडीवर दव धरतं, तेव्हा तो विसरलेला बरा. ‘शंभर टक्के रिकव्हरी’च्या जाहिरातीही तितक्याच विसरण्याजोग्या.

आवाज नाही, पण फायली अडखळत उघडतात, अशा डिस्कसाठी आंतोनियो दियाझ दियाझ यांचं डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्याची चाल गंमतशीर आहे: आधी सहज वाचता येणारा भाग उचलायचा, अडलेल्या जागा नकाशात नोंदवून पुढे सरकायचं आणि त्यांच्याकडे शेवटी वळायचं. फक्त हा उचललेला डेटा उतरवायला तेवढीच किंवा मोठी दुसरी डिस्क आधी आणून ठेवावी लागते.