काम कुणापर्यंत पोहोचतं?

नोकरीत मन रमेना की पहिला सल्ला मिळतो तो नोकरी बदलण्याचा. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकी अभ्यासकांनी 2001 मध्ये मांडलेलं निरीक्षण मला त्याहून मोलाचं वाटतं. रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं काम एकच: झाडणं, पुसणं, कचरा उचलणं. काहींना ते तेवढंच वाटे. काही जण मात्र रुग्णांशी दोन शब्द बोलत, नातेवाइकांची विचारपूस करत, वॉर्डातली धावपळ पाहून आपल्या कामाची वेळ जुळवत. रुग्ण बरा होण्यात आपलाही हात आहे, असं ते मानत. हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आपलं काम कुणाच्या उपयोगी पडतं हे दिसलं की काय होतं, हे अभ्यासक अॅडम ग्रँट यांनीही पाहिलं. त्यांच्या 2007 च्या प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची अशा देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या विद्यार्थ्याशी काही मिनिटं भेट घडवली. महिनाभरानंतरही त्यांचा फोनवरचा वेळ आणि देणग्या दोन्ही बऱ्याच वाढलेल्या होत्या.

अर्थात, यामुळे तुटपुंजा पगार गोड होत नाही. रास्त मोबदला हा हक्कच आहे. पण आपलं काम शेवटी ज्याच्या उपयोगी पडतं, त्या माणसाला या आठवड्यात एकदा भेटून पाहा.