पाण्याने थंड होणारा प्रोसेसर तापतो तेव्हा: घड्याळ लावून दोष शोधणे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी स्वतः जोडलेला गेमिंग संगणक घेऊन प्रयोगशाळेत आला. खेळ सुरू केला की पाव तासात प्रोसेसर १०० °से.ला टेकायचा, वेग उतरायचा आणि पडद्यावरचे चित्र अडखळायचे. त्याने थर्मल पेस्ट दोनदा बदलली होती आणि आता नवा कूलर मागवायच्या बेतात होता. मी त्याला विचारले, "तापायला किती वेळ लागतो, हे मोजलेस का?" त्याने मोजले नव्हते. या पाठात आपण नेमके तेच मोजायला शिकणार आहोत.

१. उष्णतेचा मार्ग

प्रोसेसरमध्ये खर्च होणारी जवळजवळ सर्व विद्युतशक्ती उष्णतेत बदलते. ही उष्णता पुढील मार्गाने जाते: सिलिकॉनची चकती, तिच्यावरचे धातूचे झाकण, थर्मल पेस्ट, कूलरची तांब्याची पट्टी, पंपाने फिरवलेला द्रव, रेडिएटरच्या पातळ पात्या आणि शेवटी खोलीतली हवा. विद्युत परिपथात एकसर जोडणीतले रोध जसे बेरजेत येतात, तसेच इथेही होते.

औष्णिक रोध = तापमानातील फरक ÷ शक्ती

खोली ३० °से., प्रोसेसर ८० °से. आणि शक्ती २०० वॅट असेल, तर एकूण रोध ५० ÷ २०० = ०.२५ °से. प्रति वॅट. यातून दोन गोष्टी लगेच कळतात. पहिली: पाण्याचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली ३० वरून ४० °से. झाली की प्रोसेसरही साधारण १० अंशांनी वर जातो, त्यात कूलरचा दोष नसतो. दुसरी: नुसते तापमान सांगून काही कळत नाही, सोबत खोलीचे तापमान आणि वॅट हवेतच.

२. आधी खात्री करा की दोष आहे

एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ °से. आहे आणि पूर्ण भाराखाली त्याने तिथपर्यंत जाणे हे कंपनीने रचनेतच धरलेले आहे. इंटेलच्या आय९-१३९००केची मर्यादा १०० °से. आहे. त्याची मूळ शक्ती १२५ वॅट, तर कमाल टर्बो शक्ती २५३ वॅट. पण अनेक मदरबोर्ड ही शक्तिमर्यादा आपणहून उठवून ठेवतात. म्हणून बायोसमध्ये जाऊन ती आधी पाहा. वॅट मर्यादेबाहेर जात असतील, तर कूलर बदलून उपयोग नाही. तिथली मर्यादा पूर्ववत करणे हाच उपाय.

३. वेळ का मोजायची?

साखळीतल्या प्रत्येक घटकाला तापायला वेगवेगळा वेळ लागतो. धातूचे झाकण ३० ग्रॅम तांब्याचे धरू. तांब्याची विशिष्ट उष्माधारकता ०.३८५ ज्यूल प्रति ग्रॅम प्रति अंश, म्हणजे झाकण १ अंशाने तापायला सुमारे १२ ज्यूल पुरतात. २०० वॅटची उष्णता तिथेच अडकली, तर ते सेकंदाला सुमारे १७ अंशांनी तापेल.

आता द्रव पाहू. तो ४०० ग्रॅम आहे आणि त्याची उष्माधारकता पाण्याइतकी, म्हणजे ४.१८६ आहे असे धरू. १ अंशासाठी सुमारे १६७५ ज्यूल लागतील. रेडिएटरने काहीच उष्णता बाहेर टाकली नाही, तरी २०० वॅटला हा द्रव मिनिटाला सुमारे ७ अंशच तापेल. रेडिएटर थोडे काम करत असेल, तर तापमान स्थिरावायला दहा-पंधरा मिनिटेही लागतात.

म्हणजे सेकंदांत होणारी वाढ प्रोसेसर ते द्रव या भागाची असते आणि मिनिटांत होणारी वाढ द्रव ते हवा या भागाची असते. दोषाची जागा घड्याळ सांगते.

४. चाचणी

संगणक काही तास बंद ठेवा, म्हणजे द्रव खोलीच्या तापमानाला येईल. मग सुरू करून सिनेबेंचसारखा स्थिर भार द्या आणि एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रणालीत प्रोसेसरचे तापमान व वॅट पाहा. भार दिल्यावर १५ सेकंदांनी एक नोंद घ्या, नंतर दर मिनिटाला एक, अशी १५ मिनिटे.

आमच्या विद्यार्थ्याच्या नोंदी अशा आल्या: खोली ३४ °से., शक्ती १८० वॅट, १५ सेकंदांनंतर ६८ °से., १४ मिनिटांनंतर ९७ °से.

पहिला भाग: (६८ − ३४) ÷ १८० = ०.१९
दुसरा भाग: (९७ − ६८) ÷ १८० = ०.१६

पहिला भाग ठीक होता, म्हणजे पेस्ट निर्दोष होती. दुसरा भाग मात्र संशयास्पद होता. रेडिएटर कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला होता. जाळी काढली, तर पात्यांमध्ये वसतिगृहाची धूळ नमद्यासारखी घट्ट बसलेली. पंखे हाताने धरून, म्हणजे ते गरगर फिरणार नाहीत अशी काळजी घेऊन, आम्ही हवेच्या झोताने ती काढली. पुन्हा त्याच चाचणीत १५ सेकंदांची नोंद ६८ च राहिली, पण शेवटचे तापमान ७९ °से. आले. दुसऱ्या भागाचा रोध ०.१६ वरून ०.०६ झाला. मागवायचा कूलर मागवावा लागला नाही.

५. आलेखावरून निदान

अ) काही सेकंदांतच तापमान फार वर जाते: तांब्याची पट्टी नीट टेकलेली नाही, स्क्रू असमान आवळले आहेत, पेस्ट सुकली आहे किंवा पट्टीवरचे संरक्षक प्लास्टिक काढायचे राहिले आहे. प्लास्टिकने एवढे काय होते, ते पाहा. १० चौरस सेंटिमीटर क्षेत्रावर ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर धरा. ५ वॅट प्रति मीटर प्रति अंश उष्णतावाहकतेची पेस्ट असेल, तर रोध ०.०१ येतो, म्हणजे २०० वॅटला २ अंश. प्लास्टिकची वाहकता ०.२ धरली, तर रोध ०.२५ येतो, म्हणजे ५० अंश! जुन्या कूलरमध्ये पट्टीच्या सूक्ष्म खाचांत गाळ साचला, तरी आलेख असाच दिसतो.

आ) एक-दोन मिनिटांत थेट कमाल मर्यादा: पंप बंद असण्याची शक्यता मोठी. पट्टीजवळचा थोडासाच द्रव तापतो आणि रेडिएटर थंड राहतो. अशा वेळी नळ्यांना हात लावा. मिनिटाला १ लिटर प्रवाह असेल, तर २०० वॅटला दोन नळ्यांत फक्त ३ अंशांचा फरक पडतो, तो हाताला कळत नाही. एक नळी गरम आणि दुसरी थंड लागली, तर प्रवाह अडला आहे. बायोसमध्ये पंपाचे फेरे पाहा. पंपाची तार पंख्याच्या जोडणीत असेल आणि तिथे वेग कमी करणारी मांडणी असेल, तर पंप रेंगाळतो. तो पूर्ण वेगाने चालेल अशी मांडणी करा.

इ) दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चढत जाते: धूळ, उलटे बसवलेले किंवा बंद पंखे, अथवा ग्राफिक्स कार्डाची गरम हवा रेडिएटरमधून जाणे. शेवटचे कारण ओळखायला कॅबिनेटचे झाकण उघडे ठेवून चाचणी पुन्हा करा.

ई) खळखळ आवाज येतो: पंपात हवा शिरली आहे. वर्षानुवर्षे थोडा द्रव नळ्यांतून बाष्परूपाने निघून जातो आणि त्याची जागा हवा घेते. हवा सर्वांत उंच जागी जमते, म्हणून पंप हा सर्वांत उंच भाग असता कामा नये. रेडिएटरचा निदान वरचा भाग पंपाच्या वर हवा.

६. काळजी

हात घालण्याआधी संगणक बंद करून वीजतार काढा. कारखान्यातून सीलबंद आलेला कूलर उघडू नका. कुठेही ओल दिसली, तर संगणक सुरू करू नका. आणि एका वेळी एकच बदल करून पुन्हा चाचणी घ्या. दोन बदल एकदम केले, तर संगणक सुधारेल, पण कशामुळे सुधारला हे तुम्हाला कळणार नाही.

स्वाध्याय

१. खोली ३० °से., शक्ती १५० वॅट, १५ सेकंदांनंतर ८१ °से., १० मिनिटांनंतर ९० °से. दोन्ही भागांचे रोध काढा आणि दोष कुठे आहे ते कारणासह सांगा.

२. ३०० ग्रॅम द्रव आणि १५० वॅट शक्ती असताना रेडिएटरने उष्णता बाहेर टाकणे पूर्ण थांबले, तर द्रव २० अंशांनी तापायला किती सेकंद लागतील?

३. हीच पद्धत मोटारगाडीच्या इंजिनाला लावायची, तर कोणत्या नोंदी घ्याल?