चावऱ्या पिल्लाला वळण लावताना

रत्नागिरीत कुत्रा ही काही नवी गोष्ट नाही. अंगणात किंवा पडवीत अंग मुडपून झोपणारा गावठी कुत्रा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. उरलेल्या भातावर तो वाढला आणि न शिकवता राखण करीत राहिला. छोट्या जातीच्या पिल्लांचे वेड मात्र अलीकडचे. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीमुळे पांढरा, केसाळ स्पिट्झ घराघरांत ठाऊक झाला; आपण त्याला सरसकट पॉमेरियन म्हणतो. पुढे २००३ साली मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग आला. पडद्यावर हे कुत्रे फार शहाणे दिसतात. घरी आणलेले दोन महिन्यांचे पिल्लू मात्र चपला कुरतडते, साडीच्या पदराला लोंबकळते आणि मुलांच्या पोटऱ्यांना दात लावते.

मग पालक मुलाला घेऊन दवाखान्यात येतात आणि ठरलेले वाक्य बोलतात, “डॉक्टर, घरचंच पिल्लू आहे हो. खेळताना लागलं. धनुर्वाताचं इंजेक्शन तेवढं देऊन टाका.” कुत्र्याचे औषधपाणी पशुवैद्यकांनीच पाहावे, तो माझा प्रांत नाही. पण पिल्लाला वळण नसले की जखम माणसाला होते, म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात घेत आहे.

पिल्लू का चावते?

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात आणि ते सुईसारखे टोकदार असतात. साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते पडून कायमचे ४२ दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि दिसेल ते चावावेसे वाटते. शिवाय भावंडांशी खेळताना पिल्ले एकमेकांना चावतातच. जोरात चावले की दुसरे किंचाळून खेळ सोडते. किती जोरात चावायचे नाही, हा धडा त्यातूनच मिळतो. म्हणून दोन महिन्यांच्या आत पिल्लाला आईपासून तोडू नये.

आपल्या घरी हा धडा पुढे चालवायचा आहे. दात लागताच हात-पाय हलवणे थांबवावे, खेळ बंद करावा आणि अर्धा मिनिट पाठ फिरवावी. नंतर चघळायला सुती दोरीची जाड गाठ किंवा रबराचे खेळणे द्यावे. मुलांनी आरडाओरडा करीत पळू नये. पळणारी वस्तू पिल्लाला खेळच वाटते. हाताने डिवचून खेळवण्याची सवय तर मोठ्यांनीही लावू नये. आज ज्या चावण्याला आपण हसतो, त्याच चावण्याला सहा महिन्यांनी मारणे हा त्या मुक्या जनावरावर अन्याय आहे.

आणखी एक. लहान पिल्लू दिवसाचे १८ तासही झोपते. पाहुण्यांनी आणि मुलांनी त्याला सतत उचलले तर झोप अपुरी राहते आणि ते अधिकच चावरे होते. झोपेला आलेले तान्हे मूल किरकिर करते, तसेच हे. त्याची जागा ठरवून द्यावी आणि तिथे झोपलेले असताना व खाताना त्याला कोणीही हात लावू नये.

शिस्त घराची, मग पिल्लाची

आजी ‘हट’ म्हणते, बाबा ‘नो’ म्हणतात, ताई ‘ए शोन्या’ म्हणून कुरवाळते. पिल्लाने काय समजावे? एका गोष्टीला घरात एकच शब्द ठरवावा. कुत्र्याला इंग्रजीच कळते हा गैरसमज आहे. ‘बस’, ‘सोड’, ‘ये’ हे शब्द त्याला तितकेच छान समजतात. शिकवणी पाच मिनिटांची, पण दिवसातून तीन-चार वेळा घ्यावी. सांगितलेले केले की तत्क्षणी कौतुक करावे आणि उकडलेल्या कोंबडीचा नखाएवढा तुकडा द्यावा. दहा मिनिटांनी दिलेले बक्षीस कशाचे, हे त्याला कळत नाही. शिक्षेचेही तेच. सकाळी केलेल्या घाणीवर संध्याकाळी नाक घासले तर ते फक्त आपल्याला भिते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळ झाल्यावर लगेच बाहेर न्यावे, म्हणजे घाणीचा प्रश्न बराचसा सुटतो.

पगसारख्या चपट्या नाकाच्या जातीला आपली दमट हवा सोसत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि पगला तेच नीट जमत नाही. त्याला पहाटे किंवा सूर्यास्तानंतरच फिरवावे.

कोकणातल्या घरात आणखीही सांभाळावे लागते. जांभ्या चिऱ्यांच्या ढिगात आणि पालापाचोळ्यात फुरसे असते, तिथे पिल्लाला हुंगू देऊ नये. आंब्याची कोय गिळली तर आतड्यात अडकते. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट त्याला विषारी आहेत. बिबट्याचा वावर असलेल्या भागात रात्री पिल्लू पडवीत बांधू नये, घरात घ्यावे.

लस आणि जंत

रेबीजची पहिली लस पिल्लाला तीन महिने पूर्ण झाल्यावर देतात आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. म्हणजे पिल्लू जेव्हा सर्वांत जास्त चावते, नेमके तेव्हाच त्याला या लसीचे संरक्षण नसते. ‘घरचेच आहे’ या वाक्याला वैद्यकीयदृष्ट्या अर्थ नाही तो यामुळे. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात. उंदरांप्रमाणे कुत्र्याच्या लघवीतूनही त्याचे जंतू पसरू शकतात; त्याची लसही विचारून घ्यावी. पिल्लांना जंत बहुधा आईकडूनच येतात आणि त्यांची अंडी विष्ठेतून मातीत मिसळतात. म्हणून जंताचे औषध वेळेवर द्यावे, विष्ठा लगेच उचलावी आणि मुलांनी जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

दात लागलाच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण घाईत पाच मिनिटेही पंधरासारखी वाटतात. चुना, मिरची, हळद, तेल काहीही लावू नये आणि पट्टी आवळून बांधू नये. नंतर त्याच दिवशी डॉक्टरांकडे यावे. अखंड त्वचेवर नुसते चाटले असेल तर धुणे पुरते. ओरखडा असेल तर रक्त आले नसले तरी लस लागते. रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.

पोटातल्या १४ इंजेक्शनांची भीती अजून अनेकांच्या मनात आहे. त्या जुन्या लसीचे उत्पादन भारतात २००४ अखेर थांबले. आताची लस दंडात देतात, अगदी लहान मुलांना मांडीत. स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ व २८ व्या दिवशी आणि त्वचेत द्यायची असेल तर ०, ३, ७ व २८ व्या दिवशी. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. लस सुरू करून पिल्लावर १० दिवस लक्ष ठेवावे. ते धडधाकट राहिले तर पुढचे डोस द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. आपल्या मनाने थांबवू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचवणे जवळजवळ अशक्य असते, आणि वेळेवर धुणे व लस घेतली तर हाच रोग टाळता येतो.

शेवटी पालकांना एक विनंती. पिल्लू चावले तर मुले ते घरी सांगत नाहीत. आपल्याला ओरडा बसेल किंवा पिल्लाला कोणी किनाऱ्यावर नेऊन सोडेल, अशी त्यांना भीती असते. म्हणून पिल्लू घरी येईल त्याच दिवशी मुलांना जवळ बसवून सांगावे, की ओरखडा निघाला तरी सांगायचे. तुला कोणी रागावणार नाही आणि पिल्लूही कुठे जाणार नाही. हा शब्द मग पाळावाही. पिल्लाच्या लसीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलेंडरच्या तारखेशेजारीच, आजच लिहून ठेवावी.